वहिनीचं बाळ काचेत असतानाच गेलं, घरात सगळे तिलाच बोलतायत. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काम करणारं कोणी आहे का इथे?

नणंद_गुहागर

एनआयसीयूत काम केलेलं किंवा स्वतःचं बाळ तिथे ठेवलेलं कोणी असेल तर प्लीज उत्तर द्या. बाकीच्यांनी नुसते हात जोडलेले टाकू नका, ते खूप झाले आता.

माझी वहिनी पहिलटकरीण, सातवा संपून आठवा लागलेला, ३१ आठवडे. रात्री कपडे ओले व्हायला लागले, तिला वाटलं लघवी आहे, लाजून कोणाला बोलली नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या लक्षात आलं तेव्हा तालुक्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले पाणमोट फुटलीय, आमच्याकडे एवढ्या लहान बाळाची सोय नाही, एक इंजेक्शन दिलं आणि १०८ बोलावून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे दुसऱ्या दिवशी नॉर्मल झाली. मुलगा. १३५० ग्रॅम. रडला बिडला व्यवस्थित. काचेत ठेवला, नाकाला नळ्या लावून मशीनचा वारा, मग ते पण काढलं, मग नळीने दूध चालू केलं, आधी दोन एमएल मग पाच मग दहा. वहिनी वाटीत दूध पिळून नेऊन द्यायची, सिस्टर बाळाला उघडं करून तिच्या छातीवर ठेवायच्या, तासन् तास बसायची ती तशी. आम्ही सगळे म्हणायला लागलो की आता वाचला. भावाने नाव पण ठरवलं होतं.

आणि मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले पोट फुगलंय, दूध पचत नाहीये, बंद केलंय, इन्फेक्शन वाटतंय. दुपारी मधेमधे श्वास थांबायला लागला, संध्याकाळी व्हेंटिलेटर, पहाटे गेला. चोवीस तास पण नाही झाले. दोन दिवसांनी भाऊ कागदाला गेला तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आला होता, त्यात क्लेबसिएला असं काहीतरी लिहिलंय.

आता घरात ज्याचं त्याचं चाललंय. भाऊ म्हणतो रिपोर्टच बाळ गेल्यावर आला म्हणजे औषध पण उशिराच दिलं असणार. काका म्हणतात कोल्हापूरला न्यायला पाहिजे होतं. आई म्हणते ही गणपतीत स्कूटीवरून फिरली, ग्रहणात कात्री हातात घेतली, वर बाळ दवाखान्यात म्हणून पाचवी पुजली गेली नाही. शेजारच्या बायका येतात आणि सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही हे तिच्यासमोर बोलून जातात. वहिनी काहीच बोलत नाही. तिला अजून दूध येतंय, ब्लाऊज भिजतो, ती तशीच बसून राहते. भाऊ ड्युटी म्हणून मुंबईला परत गेला, घरात आम्ही तिघी.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. एवढं चांगलं चाललेलं बाळ एका दिवसात कसं जातं? आणि यात वहिनीचं काही चुकलं का, नसेल तर मी आईला नेमकं काय सांगू?

सिस्टर_रत्नांग्री

ताई, मी एसएनसीयूत, म्हणजे सरकारी हॉस्पिटलातल्या आजारी नवजात बाळांच्या कक्षात, बरीच वर्षं काढलीत, आता दुसऱ्या वॉर्डला आहे. कागद बघितल्याशिवाय तुमच्या बाळाचं नेमकं काय झालं ते मी पण छातीठोक सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते आमच्या फार ओळखीचं आहे म्हणून लिहिते, लांबलचक होईल, वाचा.

कमी दिवसाच्या बाळाला इन्फेक्शन झालं की आपल्यासारखा ताप येईलच असं नाही, उलट गार पडतं. आणि पहिली खूण बऱ्याचदा पोटाचीच असते, म्हणजे कालपर्यंत जे दूध पचत होतं ते आज नळीतून ओढून बघितलं तर तसंच पडलेलं, कधी हिरवट, पोट ताणलेलं. रंग मळकट दिसतो. आम्ही डॉक्टरांना फोन लावून एवढंच बोलतो की सर बाळ आज बरं दिसत नाहीये, त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्या वेळी काही नसतंच. मग श्वास घ्यायचं मधेच राहून जातं, हृदयाचे ठोके उतरतात, आणि तिथून पुढे सगळं तासांच्या हिशोबात चालतं, दिवसांच्या नाही. कारण बाळाकडे लढायला काही नसतं हो. आईच्या रक्तातून नाळेवाटे ज्या अँटीबॉडीज जातात त्या जास्त करून शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत जातात आणि हे बाळ त्या आधीच बाहेर आलेलं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, त्यात सलाईनची सुई, तोंडातून पोटात नळी, म्हणजे जंतूला आत शिरायला दारं आम्हीच करून ठेवलेली असतात, आणि ती केल्याशिवाय बाळ जगवता पण येत नाही. पोट फुगणं म्हणजे आतड्याला सूज येते तो आजार, एनईसी म्हणतात, तो पण असू शकतो, दोन्ही एकत्र पण असतात. तेव्हा तुम्हाला जे वाटतंय ना की चांगलं चाललेलं आणि अचानक झालं, ते तसंच झालं. आधीचं चांगलं होतं ते खोटं नव्हतं.

रिपोर्टचं भावाला समजावून सांगा. ब्लड कल्चर म्हणजे रक्त बाटलीत घालून त्यात जंतू वाढतो का ते बघत बसायचं, दोन दिवस तरी लागतात, कधी पाच. त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. रक्त घेतलं की लगेच अंदाजाने अँटिबायोटिक चालू करतात. त्यामुळे रिपोर्टची तारीख बघून काही कळणार नाही. केसपेपरमध्ये नर्सिंगचा चार्ट असतो, त्यात पोट फुगलेलं पहिल्यांदा किती वाजता लिहिलंय, डॉक्टरांना कधी कळवलं, पहिला डोस किती वाजता गेला हे असतं. त्या तीन वेळा भावाने बघाव्यात. प्रश्न विचारायचाच असेल तर तो तिथे आहे.

आता एक गोष्ट जी आम्ही नातेवाईकांना तोंडावर सहसा सांगत नाही. क्लेबसिएला हा एक जंतू, जन्मल्यावर काही दिवसांनी तो निघाला म्हणजे तो बहुतेक वेळा वॉर्डातलाच असतो. बेसिन, सक्शनची बाटली, आमचे हात. पाणी जास्त वेळ गेलं तर आईकडून पण इन्फेक्शन येतं, पण ते शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतं आणि तुमचं बाळ तेवढ्यातून निघालेलं. नियमाप्रमाणे तीन-चार बाळांमागे एका पाळीला एक सिस्टर पाहिजे. रात्री किती असतात ते कोणत्याही सरकारी हॉस्पिटलात जाऊन बघा, एका वॉर्मरवर दोन बाळं मी स्वतः सांभाळलीत, एकाचा श्वास थांबला म्हणून धावायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याचा अलार्म, हात कधी धुणार? वर हे जंतू औषधांना दाद देत नाहीत. दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतल्या नवजात बाळांचा अभ्यास २०१६ साली छापून आला होता, त्यात अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे तीन वर होते आणि त्यातले बरेच नेहमीच्या अँटिबायोटिक्सना मरतच नव्हते. म्हणजे वेळेवर डोस जाऊनसुद्धा बाळ हातातून जाऊ शकतं, मी बघितलंय. कोणाचाच दोष नाही असं मी म्हणणार नाही, एवढ्या बाळांना एवढ्याच सिस्टर देणाऱ्यांचा आहेच. पण तुमच्या वहिनीचा यात कुठे संबंध येतो ते मला दाखवा.

स्कूटी, कात्री, ग्रहण यांनी पाणमोट फुटत नाही. योनीमार्गात किंवा लघवीत इन्फेक्शन असेल, जुळी असतील, पिशवीचं तोंड कमजोर असेल तर फुटते, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. आणि आठव्यातलं जगत नाही हे तर साफ खोटं, पोटात जितके आठवडे जास्त तितकं बाळ जास्त तगतं, ३१ आठवड्यांची कितीतरी आमच्याकडून घरी गेलीत, आता शाळेत असतील.

कोकणचा_राजा_७७

सिस्टर तुम्ही तुमच्या लोकांना बरोबर पाठीशी घालताय. वॉर्डातला जंतू होता हे स्वतःच लिहिलंत ना मग अजून काय पाहिजे, केस ठोका. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये दहा बाळं आगीत गेली, नांदेडला ऑक्टोबर २०२३ मध्ये चोवीस तासांत चोवीस पेशंट, त्यात बारा नवजात, काय झालं पुढे? चार दिवस टीव्हीवर बातमी आणि मंत्री येऊन गेले. कोकणात तर बातमी पण होत नाही कारण इकडे एकेकटं बाळ जातं.

सिस्टर_रत्नांग्री

पाठीशी घालायचं असतं तर जंतू वॉर्डातला होता हे लिहिलंच नसतं. पण तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे.

चिपळूण_वकील

केस ठोका म्हणणं सोपं आहे, जरा कायद्याचं पण बघा. सरकारी हॉस्पिटलात सगळ्यांनाच फुकट उपचार असतील तर ग्राहक आयोगात तक्रार टिकत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा व्ही. पी. शांता निकाल आहे. पैसे घेणारं हॉस्पिटल असेल तर जाता येतं, दोन वर्षांच्या आत. पोलिसांत जायचं म्हटलं तर २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल, डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं. म्हणजे दार बंद नाही पण आत जायला कागद लागतात.

तर आधी कागद मागा. लेखी अर्ज केल्यापासून ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्यायच्या असा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. नुसतं मृत्यूचं कारण लिहिलेलं एक पान घेऊन परत येऊ नका, पूर्ण केसपेपर मागा, आईचा वेगळा आणि बाळाचा वेगळा. आणि जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी झाल्यात का बघा, जिथे घटना घडली तिथल्याच निबंधकाकडे, २१ दिवसांच्या आत. बरेच लोक बाळ राहिलंच नाही तर जन्मदाखला कशाला असं म्हणून सोडून देतात आणि मग पुढे वहिनीच्या रजेचं, कुठल्या योजनेचं काही निघालं की अडतं.

हे सगळं केस करायची म्हणून सांगत नाहीये. पुष्कळ घरांत कागद वाचूनच भांडण मिटतं, कधी उलट पेटतं पण. पण निदान अंदाजावर तरी कोणाला बोलणं होत नाही.

बाबा_वैभववाडी

कोल्हापूरला न्यायला हवं होतं या मुद्द्यावर मी बोलू शकतो कारण आम्ही नेलं होतं.

आमची जुळी होती, ३० आठवडे, खाली खाजगीत डिलिव्हरी झाली आणि मग रेफर केलं. एकाला गगनबावड्याच्या घाटाने वर नेलं, पावसाचे दिवस, रस्ता कसा असतो सगळ्यांना माहीत आहे, अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन होता पण बाळ गरम ठेवायला काही नव्हतं, आम्ही कापसात गुंडाळून आणि प्लास्टिकच्या पिशवीत गरम पाण्याच्या बाटल्या घालून नेलं. पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात लावल्या लावल्या सांगितलं बाळ पूर्ण गार आहे आणि साखर उतरलीय. ते नाही राहिलं. दुसरं जे न्यायच्या परिस्थितीत नव्हतं म्हणून खालीच ठेवलं होतं ते राहिलं. आता यातून कोणी अर्थ काढायला जाऊ नये, वर नेऊन वाचलेली पण मला माहीत आहेत, आमच्या सासुरवाडीला बांद्याकडे तर लोक सरळ बांबोळीला गोवा मेडिकलला जातात आणि तिथून बाळं घेऊन येतात.

पण त्या वेळी वरच्या डॉक्टरांनी एक सांगितलं ते डोक्यात बसलं. बाळाला न्यायची सगळ्यात चांगली पेटी म्हणजे आईचं पोट. कमी दिवसात कळा आल्या किंवा पाणी गेलं तर बाळ बाहेर यायच्या आधीच आईला जिथे सोय आहे तिथे हलवायचं. ताई, तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरने नेमकं तेच केलं ना. आणि ते इंजेक्शन बहुतेक फुफ्फुसं पिकवायचं असणार.

काकांना सांगा, व्हेंटिलेटरवरचं इन्फेक्शन झालेलं बाळ आंबा घाटातून त्या संध्याकाळी नेलं असतं तर शाहूवाडीच्या पुढे गेलं असतं की नाही माहीत नाही.

सिस्टर_रत्नांग्री

हो, ते स्टिरॉइडचं इंजेक्शन, डेक्सामेथासोन, ३४ आठवड्यांच्या आत बाळ येणार असं वाटलं की देतात. त्याच्यामुळे १३५० ग्रॅमचं बाळ मशीनवरून लवकर उतरलं असणार. त्या तालुक्याच्या डॉक्टरला कोणी बोलत नाहीये ना? त्याला एक फोन करा हवं तर.

मालवणची_माय

गो बाय, तुझा वाचून जीव कासावीस झालो. माझो पयलो झील असोच गेल्लो, तेव्हा खयची काच आणि खयची मशीन, सुपात कापूस घालून ठेवल्यानी, सकाळी बगलंय तर थंडगार. आता नीट मराठीत लिवतंय, नायतर ह्या पुण्यामुंबयच्या पोरांक कळूचा नाय.

आईला शास्त्र सांगून उपयोग नाही. तिचा नातू गेलाय. तिला रडायला पण जागा नाही कारण घरातली मोठी तीच, मग ते सगळं कुठेतरी बाहेर पडतं, आणि सुनेवर पडतं कारण ती समोर बसलेली असते. माझ्या सासूने पण मला पाचवीवरूनच बोलून घेतलं होतं, सटवाई कोपली म्हणून. वर्षभर. मग एकदा देवळात गाऱ्हाणं घालताना तीच माझ्याआधी रडली. तुझ्या आईला देवाचं काही करायचं असेल तर करू दे, पाचवीचं राहिलेलं म्हणून तिला काही देवळात ठेवायचं असेल तर ठेवू दे, पण सुनेला त्यात ओढायचं नाही आणि तिच्यासमोर बोलायचं नाही एवढं तू ठणकावून सांग. तू लेक आहेस, तू बोललीस तर खपेल, सून बोलली तर महाभारत. आणि त्या शेजारणींना उंबऱ्यातूनच परत पाठव, चहा पण नको विचारू.

दुधाचं कोणी लिहिलं नाही अजून. सासूने तेवढी एक गोष्ट चांगली केली, मोगऱ्याच्या कळ्या आणून छातीवर बांधल्या, गजराच म्हण ना, दोनदा बदलायच्या, चारेक दिवसांत ओसरलं. आता सिस्टर हसतील.

सिस्टर_रत्नांग्री

अजिबात हसत नाहीये माय, वेल्लोरला १९८८ साली डॉक्टरांनी हेच करून बघितलं होतं, मोगऱ्याची फुलं एका गटाला आणि दूध थांबवायची गोळी दुसऱ्या गटाला, फुलांनी पण दूध कमी झालेलं. करायला हरकत नाही.

ताई, दुधाचं मीच आधी लिहायला पाहिजे होतं. घट्ट बसणारी पण न काचणारी ब्रा दिवसरात्र, गार पाण्याच्या घड्या, दुखलं तर पॅरासिटामॉल. फार ताठलं तर आराम पडेल एवढंच हाताने काढायचं, रिकामं करायचं नाही, जितकं काढाल तितकं येतं. गरम शेक नको. गोळी असते पण ती डॉक्टरांना विचारूनच, बीपी असलेल्या बाईला सगळ्या गोळ्या चालत नाहीत. एका बाजूला लाल होऊन थंडीताप आला तर थांबू नका, गळू होतं. आणि बाळंतीण म्हणून तिचं जे बाकीचं करायचं ते सगळं तसंच, जेवण, विश्रांती, लोहाच्या गोळ्या, जास्त रक्त जातंय का, घाण वास येतोय का. बाळ नाही म्हणून घरात तिचं बाळंतपणच मोजत नाहीत, चार दिवसांत विहिरीवर.

आशाताई_दापोली_साईड

मी आशा आहे. दवाखान्यात डिलिव्हरी झाली की आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरातच बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले होते, त्याच्यावरून २०११ पासून देशभर हे चालू झालं. पण बाळ गेलेल्या घरी आमच्यातल्या कितीतरी जणी जातच नाहीत, वजन कोणाचं करणार, ताप कोणाचा मोजणार, आणि तोंड कसं दाखवणार. मला हे बरोबर वाटत नाही म्हणून मी जाते. तुमच्या आशाला तुम्ही स्वतः बोलवा, आईला तपासायला ये म्हणा.

अजून एक, थोड्या दिवसांनी आरोग्य केंद्राची सिस्टर फॉर्म घेऊन येईल, बालमृत्यूची चौकशी करायची असते, २०१४ पासून ठरलेलं आहे. कधी पाणी गेलं, कधी निघालात, गाडी किती वेळाने आली, सगळं विचारते. घाबरू नका आणि वहिनीवर कोणी ओरडायला आलंय असं समजू नका. पण उत्तरं नीट द्या, विशेषतः पाणी जातंय हे कळलं नाही म्हणून एक दिवस गेला हे सांगाच, कारण त्याच्यावरूनच आम्हाला मीटिंगमध्ये सांगता येतं की गरोदर बायकांना लघवी आणि पाणी यातला फरक कोणी सांगतच नाही. साधं आहे, कोरडं पॅड लावून थोडं चालायचं, सारखं भिजत राहिलं आणि लघवीचा वास नसेल तर पाणी समजून निघायचं, शंका असली तरी निघायचं. ह्यात तिचा काय दोष, तिला सांगितलं कोणी होतं?

पुढच्या वेळी मात्र पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना हे सगळं सांगायचं, लघवी तपासायची, पाचव्याच्या आसपास सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी बघतात. एकदा लवकर झालं की परत होण्याची शक्यता जास्त असते. घाई करू नका, अंतर ठेवा, घरचे लगेच मागे लागतील ते मी आत्ताच सांगते.

नणंद_गुहागर

सगळ्यांचे आभार, रात्री जागून दोनदा वाचलं. आईला काल सांगितलं, तुझी लेक म्हणून सांगते वहिनीसमोर परत पाचवी आणि ग्रहण काढायचं नाही. भांडली आधी. मग मागच्या पडवीत जाऊन बसली. बाकी शास्त्र मी सांगितलंच नाही, माय म्हणाल्या तसं. मोगरा मिळाला, बांधलाय.

भावाला फोनवर चार्टमधल्या वेळांचं सांगितलं, तो शनिवारी येतोय.

आता एकच विचारायचंय सिस्टर. काल वहिनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मी छातीवर घ्यायचे ना त्याला, माझ्याच अंगाचं काही लागलं असेल का, मी गावाहून आलेली, हात नीट धुतले नसतील. एवढे दिवस ती हेच धरून बसली होती आणि आम्ही स्कूटीवर भांडत होतो. मी नाही म्हणाले पण मला खात्री नव्हती आणि ते तिला कळलं.

सिस्टर_रत्नांग्री

खात्रीने नाही म्हणा. माझं नाव घेऊन म्हणा.

एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या बाळांवरच हे तपासून झालंय, पाच देशांत, त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग पण होतं, २०२१ ला छापून आलं. निम्म्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलं आणि निम्म्यांना आधी काचेत, नेहमीसारखं. छातीवरच्या गटात मृत्यू पाव हिश्शाने कमी निघाले. आणि जंतुसंसर्गाचा संशय पण त्याच गटात कमी आला, जास्त नाही. आईच्या अंगावरचे जंतू साधे असतात, बाळाच्या कातडीवर ते बसले की वॉर्डातल्या वाईटांना जागा कमी मिळते. दक्षिण अमेरिकेत बोगोटाला १९७८ मध्ये हे चालू झालं तेच मुळी काचेच्या पेट्या कमी आणि इन्फेक्शन फार म्हणून. क्लेबसिएलासारखा औषधाला न मरणारा जंतू गुहागरहून आलेल्या बाईच्या छातीवरून आला हे मला कोणी सांगू नये. तिने दिलेलं दूध आणि ते बसणं, त्या बाळाला मिळालेल्या उपचारातले ते दोन चांगले उपचार होते, आमच्या मशीनच्या बरोबरीने. हे तिला वाचून दाखवा हवं तर.

पण आठवडे गेले आणि ती अशीच गप्प, झोप नाही, जेवण नाही, जगून काय करू असं काही बोलली तर एकटीला ठेवू नका आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः पण करू शकता.

नणंद_गुहागर

वाचून दाखवलं. परत एकदा वाच म्हणाली.

शनिवारी कागदाला भावाबरोबर ती पण येते म्हणते, नेऊ का? आणि अर्ज कोणाच्या नावे करायचा?

चिपळूण_वकील

वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक, जे पद असेल ते, नाव नको. भावाची आणि वहिनीची दोघांचीही सही, आधारची झेरॉक्स, आयपीडी नंबर (भरती केल्याचा नंबर) दोन्ही, आईचा आणि बाळाचा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या, तो नाही दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. शनिवारी रेकॉर्ड रूम बंद असण्याची शक्यता जास्त, सोमवार धरा.

सिस्टर_रत्नांग्री

तिला यायचं असेल तर न्या, फक्त एसएनसीयूच्या दारात उभं करून ठेवू नका, बाहेर बसवा आणि सोबत कोणीतरी ठेवा. आणि जन्माच्या पानावर बाळाच्या पावलाचा ठसा असतो, त्याची झेरॉक्स काळपट येते म्हणून मोबाईलने फोटो काढू द्या म्हणून विनंती करा, शक्यतो सकाळी दहा ते बाराच्या मध्ये, नंतर क्लार्क भेटत नाही.